अंड्याचा आणि चिकनचा होलसेल भाव: जाहीर दरावरून आपला भाव कसा काढायचा

'पुणे ५८०, मुंबई ६१०, हैदराबाद ५४०.' अंड्याच्या धंद्यातल्या माणसाच्या मोबाइलवर दिवसाचा पहिला मेसेज, शंभर अंड्यांच्या दराचा, साधारण असा असतो. भुर्जीची गाडी असो, बेकरी असो, मेस असो नाहीतर पाच हजार पक्ष्यांची शेड, मेसेज सगळ्यांना सारखाच येतो. पण त्या आकड्याला माल कुणालाच मिळत नाही आणि कुणाचा विकलाही जात नाही. दुकानदार त्याच्यावर काहीतरी देतो, पोल्ट्रीवाल्याला त्याच्या खाली काहीतरी मिळतं. आणि दोघंही वर्षभर 'रेट वाढला, रेट पडला' एवढंच बोलत राहतात.

जाहीर दर तुमच्या-माझ्या हातात नाही. हातात असतो तो जाहीर दर आणि आपला दर यांच्यातला फरक. घासाघीस करायची तर त्याच्यावर करायची. बहुतेक लोक नेमका तोच लिहून ठेवत नाहीत. तो कसा मोजायचा, कशाने हलतो आणि चिकनच्या बाबतीत हाच हिशेब कसा बदलतो, हे पुढे क्रमाने सांगतो. उदाहरणांतले दर हिशेबाला सोपे जावेत म्हणून धरले आहेत. ते आजचे भाव समजू नका, तुमच्या भागातला ताजा आकडा घालून गणित पुन्हा करा.

१. आकडा कुणाचा आणि कुठला, ते आधी बघा

अंड्याचा जो दर सगळे 'रेट' म्हणतात तो नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटीचा, म्हणजे एनईसीसीचा. १९८२ मध्ये व्यंकटेश्वरा हॅचरीजचे डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने ही पोल्ट्रीवाल्यांची संघटना उभी राहिली. मुख्यालय पुण्यात. त्याआधी भाव व्यापारी सांगतील तो. उत्पादन खर्चसुद्धा निघत नाही म्हणून शेड बंद पडत होत्या. पोल्ट्रीवाल्यांनी मिळून आपला भाव आपण सांगायचा, हा यामागचा विचार होता. आजही हा दर 'सुचवलेला' दर आहे. तो सरकारी नाही आणि कुणावर बंधनकारकही नाही. व्यापाऱ्याने त्याच्यापेक्षा दहा पैसे जास्त लावले तर ती फसवणूक ठरत नाही, तो त्याचा सौदा असतो.

एनईसीसीच्या संकेतस्थळावर महिन्याचा तक्ता मिळतो. डावीकडे गावांची नावं, पुढे १ तारखेपासून रोजचा एकेक रकाना आणि शेवटी महिन्याची सरासरी. आकडा शंभर अंड्यांचा असतो. काही नावांपुढे 'सीसी' लिहिलेलं दिसेल, जसं मुंबई, दिल्ली, चेन्नई. ही खपाची केंद्रं. तिथला दर माल शहरात पोचल्यानंतरचा असतो, म्हणून तो नेहमी चढा दिसतो. तमिळनाडूतलं नामक्कल, कर्नाटकातलं होस्पेट, हैदराबाद, हरियाणातलं बरवाला ही उत्पादनाची केंद्रं. मुंबईचा दर बघून सांगलीच्या पोल्ट्रीवाल्याने चिडण्यात अर्थ नाही आणि नामक्कलचा दर दाखवून दादरच्या दुकानदाराने व्यापाऱ्याशी भांडण्यातही नाही.

आपला माल ज्या बाजूने येतो तिथला दर धरा. महाराष्ट्राला लागतात तेवढी अंडी महाराष्ट्रात निघत नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये पशुसंवर्धन खात्याच्या अधिकाऱ्यांनी सांगितलेला आकडा असा होता: रोजचा खप सव्वादोन कोटींच्या वर आणि तूट रोजची एक कोटीच्या पुढे. ही तूट तेलंगण, कर्नाटक आणि तमिळनाडूतून येणाऱ्या गाड्या भरतात. म्हणून मराठवाड्यात हैदराबादचा दर, कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात आणि गोव्याकडे होस्पेटचा दर, पुण्यात पुण्याचा आणि त्याच्या शेजारी हैदराबादचा, असे दोन रकाने रोज बघायचे. हैदराबाद दोन दिवस पडलं आणि पुणे अजून तसंच आहे, तर पुण्यालाही फार काळ तिथे राहता येत नाही. स्वस्त माल रस्त्याला लागलेला असतो.

२. सगळं एका अंड्यावर आणा

गोंधळ होतो तो मापांमुळे. जाहीर दर शेकड्याचा, व्यापारी बोलतो ट्रेवर, गाडीतून उतरते पेटी आणि गिऱ्हाईक मागतं डझन. ट्रे ३० अंड्यांचा, पेटीत ७ ट्रे म्हणजे २१० अंडी. शेकड्याचा दर ५८० असेल तर अंडं ५ रुपये ८० पैसे, ट्रे १७४, पेटी १२१८, डझन ६९ रुपये ६० पैसे. उलट जायचं असेल तर पेटीच्या किमतीला २.१ ने भागा, शेकड्याचा दर येतो. चार दिवस केलं की तोंडपाठ होतं.

आता खरा हिशेब. एक व्यापारी दुकानात पोचवून ट्रे १८० ला देतो, म्हणजे अंडं ६ रुपयाला. दुसरा म्हणतो, 'येऊन घेऊन जा, १७६ ला देतो.' १७६ म्हणजे अंडं ५.८७. तेरा पैसे वाचले असं वाटतं. तुम्हाला १० ट्रे लागतात आणि रिक्षाला १०० रुपये जातात, तर ३०० अंड्यांवर प्रत्येकी ३३ पैसे चढले. अंडं ६.२० ला पडलं. हाच माल पाच पेट्या असेल आणि टेंपोला १५० लागत असतील, तर वाहतूक १४ पैसे, अंडं ६.०१. म्हणजे दोघे सारखेच. 'स्वस्त' व्यापारी तुमच्या खपावर ठरतो, त्याच्या दरावर नाही.

फुटतूट वेगळी धरा. पेटीत चार अंडी फुटली आणि व्यापाऱ्याने भरपाई दिली नाही, तर १२१८ रुपये २०६ अंड्यांवर पडले: ५.९१. अकरा पैसे तिथेच गेले. सौदा ठरवतानाच 'फूट कुणाची' हे विचारून घ्या. माल उतरताना ट्रे उचलून खालून ओलसर आहे का ते बघायचं. वरचा ट्रे कोरडा असतो, ओल खालच्या दोन-तीन ट्रेंना असते. बारीक तडा गेलेलं अंडं डोळ्यांना दिसत नाही, पण दोन अंडी हलकेच एकमेकांवर टेकवली तर आवाज बद्द येतो. बेकरीवाल्याला तडकलेली अंडी लगेच वापरायची असली तर चालतात, आणि ती कमी दराने मागता येतात. किराणा दुकानात ती ठेवायचीच नाहीत.

आकारही तितकाच महत्त्वाचा. ॲगमार्कच्या प्रतवारीत ५३ ते ५९ ग्रॅमचं अंडं मोठं, ४५ ते ५२ मध्यम आणि ३८ ते ४४ लहान. नव्याने अंड्यावर आलेल्या कोंबड्यांची अंडी लहान असतात, त्यांना 'पुलेट' म्हणतात आणि ती बऱ्यापैकी कमी दराने निघतात. हाफ फ्रायवाल्या टपरीला ती फायद्याची, कारण तिथे गिऱ्हाईक अंडी मोजतं. केक करणाऱ्याला तोट्याची, कारण त्याच्या कृतीत वजन लागतं. एक ट्रे काट्यावर ठेवा, रिकाम्या ट्रेचं वजन वजा करा, ३० ने भागा. दीड किलोच्या खाली भरला तर सरासरी अंडं ५० ग्रॅमच्या आतलं आहे, आणि मोठ्या अंड्याचा दर द्यायचं कारण नाही.

३. उधारीचा भाव

याच्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून थोडं थांबून सांगतो. व्यापारी म्हणतो, 'रोख ५.८०, पंधरा दिवसांनी दिलेत तर ५.९०.' दहा पैसे काय मोठे, असं वाटतं. पण ५.८० वर दहा पैसे म्हणजे पंधरा दिवसांना १.७ टक्के, महिन्याला साडेतीनच्या आसपास आणि वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर. बँक, पतसंस्था, सोनेतारण, सगळं याहून स्वस्त पडतं. चालू धंदा असेल तर खेळतं भांडवल बाहेरून घेऊन रोखीने माल उचलणं बहुतेक वेळा परवडतं.

त्यात आणखी एक गोष्ट असते. उधारीवाल्या गिऱ्हाइकाला दर पडल्याचं उशिरा कळतं. दर वाढला की मेसेज त्याच दिवशी, दर उतरला की दोन दिवसांनी. उधारी असली की तोंड उघडता येत नाही.

४. फरकाची वही

साधी वही घ्या किंवा मोबाइलमध्ये तक्ता करा. रकाने पाचच: तारीख, आपल्या केंद्राचा जाहीर दर, आपल्याला पोच पडलेला दर, दोन्हींतला फरक आणि नग. शेरा लिहायला थोडी जागा. दोन-तीन महिने भरलं की तुमचा नेहमीचा फरक दिसायला लागतो. समजा, तो शेकड्याला वर २० रुपये आहे. आता एखाद्या आठवड्यात तो ३५ झाला, तर जाहीर दर कितीही असो, तुम्हाला माल महाग मिळतोय. हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. फरक अचानक १० वर आला तर खूश होण्याआधी माल शिळा नाही ना ते बघा. कुठेतरी साठा तुंबलेला असतो तेव्हाच फरक आपोआप आटतो.

वही तयार झाली की व्यापाऱ्याशी दरावर बोलणं थांबवा. 'रोजच्या पुणे रेटवर शेकड्याला १५ रुपये, पोच, फूट तुमची, पैसे आठवड्याला' असा सौदा ठरवा. मोठे हॉटेलवाले आणि केटरर असंच घेतात. छोट्या दुकानदारालाही असं मागता येतं, फक्त रोज नेमाने ठरावीक पेट्या उचलायची तयारी हवी. व्यापाऱ्याला पाच पैशांपेक्षा रोजची ठरलेली उचल जास्त प्रिय असते.

पोल्ट्रीवाल्यासाठी हाच हिशेब उलटा. त्याला जाहीर दरातून वजा करून पैसे मिळतात. ही वजावट तेजीत कमी होते आणि मंदीत वाढते, म्हणजे मंदीत त्याला दुहेरी मार बसतो. दर ५८० वरून ५४० झाला तेव्हा वजावट २० वरून ४० झाली असेल, तर हातात येणारा दर ५६० वरून ५०० वर आला. बाहेरच्याला दर चाळीसने पडलेला दिसतो, शेडवाल्याचा साठने पडलेला असतो.

५. चिकनचा दर: जिवंत, कातडीसह, कातडी काढून

ब्रॉयलरला, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबडीला, अंड्यासारखा सर्वमान्य तक्ता नाही. कंपन्या आणि मोठे व्यापारी विभागवार रोजचा दर काढतात आणि तो फोनवर, ग्रुपवर फिरतो. पुणे, नाशिक, रायगड, विदर्भ, प्रत्येकाचा वेगळा. हा दर जिवंत पक्ष्याचा, किलोवर, शेडवरून उचलताना. दुकानाच्या पाटीवरचा दर साफ केलेल्या मांसाचा. या दोन्हींमध्ये गिऱ्हाइकाला लूट दिसते, पण बरीचशी पिसं, आतडी आणि पाणी असतं.

गणित करू. शेडवर १०० रुपये किलो. गाडी, हमाली, डीलरचा वाटा मिळून किलोला ६ रुपये. वाटेत पक्षी वजन गमावतो, घट ३ टक्के धरली तर १०६ भागिले ०.९७, म्हणजे दुकानात जिवंत किलो सुमारे १०९ ला पडला. कातडी काढून मांस साधारण ६५ टक्के निघतं. १०९ भागिले ०.६५, म्हणजे १६८. कातडी ठेवली तर ७२-७३ टक्के निघतं, तेव्हा दीडशेच्या आसपास. यावर दुकानाचं भाडं, कापणाऱ्याची मजुरी, बर्फ, वीज, कचरा उचलणाऱ्याचे पैसे आणि नफा. कलेजी-पेटा वेगळा विकला तर थोडं परत येतं.

लक्षात ठेवायचं एवढंच: जिवंत दर एक रुपयाने हलला की कातडी काढलेल्या चिकनचा खर्च दीड रुपयाने हलतो. जिवंत दर २० रुपयांनी पडला असेल आणि तुमचा दुकानदार फक्त दहा रुपये उतरवत असेल, तर तीस उतरायला हवे होते. खाणावळवाल्यांनी हे रोज बघावं. किरकोळ दुकानदाराचं म्हणणं असतं की चढताना त्यालाही पूर्ण चढवता येत नाही, म्हणून उतरताना तो सावरून घेतो. त्यात तथ्य आहे. म्हणूनच महिनाभर नेमाने चिकन लागत असेल तर इथेही 'जिवंत दराच्या पावणेदोन पट' असा सौदा ठरवावा. दोघांची रोजची कटकट वाचते.

वजनाच्या गटाप्रमाणे दर बदलतो, हे नव्या माणसाला माहीत नसतं. तंदूरला लागणारा लहान पक्षी किलोमागे महाग, सव्वादोन किलोच्या आसपासचा नेहमीचा आणि तीन किलोकडे गेलेला 'मोठा माल' स्वस्त. मोठ्या पक्ष्यात मांसाचा उतारा चांगला असतो, त्यामुळे बिर्याणी, रस्सा करणाऱ्या केटररला तोच परवडतो. हॉटेलला पीस मोजून द्यायचे असतात, त्याला नाही परवडत.

काटा बघा. शेडवर उचल होते तेव्हा क्रेटचं वजन आधी करून घ्यायचं, आणि मधूनमधून परत तपासायचं, कारण विष्ठेने आणि ओलीने ते वाढतं. काट्यावर वैध मापन शास्त्र विभागाचा चालू वर्षाचा शिक्का आहे का ते पाहायचं. घेणाऱ्याने पक्ष्याचं पोट चाचपायचं. उचलीच्या आधी भरपेट खाऊ घातलेला पक्षी काट्यावर जड आणि दुकानात हलका. म्हणूनच काही तास आधी खाद्य काढून घ्यायची पद्धत आहे, पाणी मात्र चालू ठेवतात.

६. ठेवायचा की विकायचा: शेडवाल्याचा प्रश्न

करार पद्धतीत पक्षी पाळणाऱ्याला पिल्लू, खाद्य, औषध कंपनी देते आणि किलोवर पाळणावळ मिळते. त्याला बाजारभावापेक्षा एफसीआर (एक किलो वाढीला किती किलो खाद्य लागलं ते) आणि मर यांची चिंता जास्त. हा भाग स्वतःच्या पैशाने बॅच टाकणाऱ्यांसाठी आहे.

दर पडलेला आहे, पक्षी ४० दिवसांचा, सव्वादोन किलोचा झालाय. व्यापारी म्हणतो ७५. वाटतं, चार दिवस थांबू, वाढेल. थांबण्याचा खर्च काढा. या वयात पक्षी दिवसाला साधारण १९० ग्रॅम खातो आणि ९५ ग्रॅम वाढतो, म्हणजे वाढीच्या एका किलोला दोन किलो खाद्य. खाद्य ४० रुपये किलो असेल तर नव्या किलोचा खर्च ८० रुपये. दर ८० च्या खाली असताना थांबणं म्हणजे रोज तोटा विकत घेणं. ८० च्या वर असेल तर थांबायला जागा आहे. दर वाढेल याची खात्री असेल तर हिशेब वेगळा होतो, कारण एक रुपयाची वाढ सगळ्या सव्वादोन किलोवर मिळते. पण खात्री कशाच्या जोरावर? आणि चार दिवसांत तुमचा माल 'मोठ्या'च्या गटात गेला तर त्या वाढीतले काही रुपये तिथेच कापले जातात. उन्हाळ्यात तर मोठा पक्षी आधी मरतो. एप्रिल-मे मध्ये विदर्भात किंवा खानदेशात दराची वाट बघत जड पक्षी ठेवणं हा जुगार आहे.

अंड्याच्या शेडला असं थांबताच येत नाही. कोंबडी दर बघून अंडं द्यायची थांबत नाही. तिचा हिशेब वेगळा ठेवा: कोंबडी दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास खाते. खाद्य ३० रुपये किलो असेल तर ३.३० रुपये रोजचे. शंभर कोंबड्यांमागे ८५ अंडी येत असतील तर एका अंड्यामागे नुसतं खाद्य ३.८८ चं. उत्पादन ७५ वर आलं की तेच ४.४० होतं. यात तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, वाढवायचा खर्च, मजुरी, वीज, औषध मिळवलं की तुमचा खरा तळ कळतो. जुन्या कोंबड्या कधी काढायच्या याचं उत्तरही याच गणितात असतं. जाहीर दरातून तुमची वजावट काढून जे उरतं ते अंड्यामागच्या खाद्याला आणि रोजच्या खर्चाला पुरेना, की तो कळप काढायचा. तेव्हा त्या कोंबड्यांना काय भाव मिळतो तेही विचारून ठेवा. सगळ्यांच्या शेड एकाच वेळी रिकाम्या व्हायला लागल्या की तोही पडतो.

७. मका आणि सोयापेंड

खाद्यात निम्म्याहून जास्त मका. तो साठ टक्के धरला तर मक्याच्या क्विंटलला १०० रुपये वाढले की अंड्यामागे साधारण आठ पैसे खर्च चढतो. हा आकडा पाठ ठेवा, बातमी वाचताना उपयोगी पडतो. अलीकडच्या वर्षांत मका इथेनॉलकडे जायला लागल्यापासून पोल्ट्रीवाल्याला कारखान्याशी स्पर्धा करावी लागते. मक्याचा हमीभाव २०२४-२५ ला क्विंटलला २२२५ होता, २०२५-२६ ला २४०० झाला. सोयापेंडीचं २०२१ सालचं उदाहरण अजून लोक काढतात. त्या वर्षी सोयाबीन इतकं तापलं की केंद्राने ऑगस्टमध्ये पोल्ट्रीसाठी १२ लाख टन जनुकीय बदल केलेली सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. सोयाबीन पिकवणारा शेतकरी चिडला, पोल्ट्रीवाल्याने सुटकेचा श्वास घेतला. कित्येकदा दोघं एकाच तालुक्यातले असतात.

मात्र खाद्य महागलं म्हणून अंड्याचा दर लगेच चढत नाही. दर ठरतो मागणी आणि साठ्यावर. महाग खाद्य आधी नफा खातं, मग लोक नवी पिल्लं कमी टाकतात, मग काही महिन्यांनी माल कमी येतो आणि तेव्हा दर चढतो. पिल्लू अंड्यावर यायला अठरा-वीस आठवडे लागतात, त्यामुळे अंड्यात हा फेरा लांब. ब्रॉयलरमध्ये चाळीस दिवसांत दिसतो.

८. पंचांग उघडा, आणि शेजाऱ्यांचंही

आपल्याकडचा हिशेब सगळ्यांना माहीत असतो. आखाडात चिकन चढतं, गटारीला शिगेला जातं, श्रावण लागला की आपटतं. गणपती, पितृपक्ष, नवरात्र यांत बाजार अडखळत चालतो. कोकणात गौरीच्या तिखट्या सणाला तेवढ्यापुरती उसळी येते. मार्गशीर्षातले गुरुवार मंद, पण त्याच सुमाराला थंडी पडते, बेकऱ्यांचे केक सुरू होतात आणि अंडं तेजीत असतं. धुळवडीला चिकन पुन्हा वर. आठवड्याचंही असंच: बुधवार, शुक्रवार, रविवार खपाचे, सोमवार-गुरुवार-शनिवार ढिले. शनिवारी सकाळी माल भरणारा शहाणा, रविवारी सकाळी धावणारा महाग घेतो.

पण माल बाहेरून येतो म्हणून बाहेरचं पंचांगही लागतं, आणि इथे बरेच जण फसतात. उत्तरेत महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, त्यामुळे त्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. आपण आखाडाच्या जोरात असतो तेव्हा दिल्ली, लखनौकडचा खप बसलेला असतो. तमिळनाडूत सप्टेंबरच्या मध्यापासून पुरट्टासी महिना, तेव्हा नामक्कलच्या मालाला घरचं गिऱ्हाईक कमी. तेलंगण-आंध्रात कार्तिकात अनेक घरांत मांसाहार बंद, तेव्हा हैदराबादच्या गाड्या आपल्याकडे वळतात. कार्तिकात आपल्या पोल्ट्रीवाल्याला दर का चढेना ते कळत नाही, कारण हैदराबादचा माल सोलापूरच्या रस्त्याने आलेला असतो.

आणखी एक, जरा चावट गोष्ट. गटारी आणि ३१ डिसेंबर सगळ्यांनाच माहीत असतात. म्हणून चाळीस-पंचेचाळीस दिवस आधी सगळेच पिल्लं टाकतात, पिल्लाचा भाव कडाडतो, आणि नेमक्या त्या आठवड्यात माल इतका येतो की दर म्हणावा तसा चढत नाही. पिल्लाचा दर हा ब्रॉयलरच्या दराचा पुढचा अंदाज आहे, पण बहुतेक वेळा उलटा. आज पिल्लासाठी मारामारी, तर दीड महिन्याने पक्ष्यासाठी गिऱ्हाईक शोधावं लागेल.

९. बातमी आली की

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू सापडला, देशातला पहिला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात. मधल्या २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात रोग नव्हताच, चिकनमुळे कोरोना होतो अशी नुसती अफवा होती, तरी शेडवरचा दर पिल्लाच्या किमतीच्याही खाली गेला आणि लोकांनी पक्षी फुकट वाटले.

अशा वेळी आधी बघायचं ते गाव आणि अंतर. नियमाप्रमाणे बाधित ठिकाणापासून १ किलोमीटरपर्यंत पक्षी नष्ट केले जातात आणि १० किलोमीटरपर्यंत देखरेख असते. तुम्ही त्याबाहेर असाल तर तुमचा प्रश्न रोगाचा नाही, मागणीचा आहे. शेडवाल्याने घाबरून सगळा माल एका दिवसात काढू नये, पण तयार पक्षी धरूनही ठेवू नये. वजनात बसलेले आधी काढा, लहान ठेवा. दुकानदाराने साठा दोन दिवसांवरून एका दिवसावर आणावा. नीट शिजवलेल्या चिकनला आणि अंड्याला धोका नाही, हे पाटीवर लिहायला हरकत नाही. आणि भीती ओसरली की पुढच्या दीड-दोन महिन्यांकडे लक्ष ठेवा. घाबरून कुणी पिल्लं टाकलेली नसतात, त्यामुळे मंदीनंतरची तेजी तिथेच तयार होत असते.

१०. ज्याला जाहीर दरच नाही

गावरान अंडी, गावरान कोंबडा, कडकनाथ, सोनाली, यांना वर सांगितलेलं जवळजवळ काहीच लागू होत नाही. त्यांचा तक्ता नाही. आठवडी बाजारात सकाळी आठला एक भाव, अकराला दुसरा. कोंबडा बऱ्याच ठिकाणी अजून नगावर विकला जातो, हातात धरून अंदाजाने. जत्रांच्या दिवसांत आणि नवसाच्या काळात तो दुपटीला जातो, आणि तिथे कसलंच गणित चालत नाही.

या मालाचा भाव काढायचा तर दोन-तीन बाजार फिरून वहीत लिहिण्याला पर्याय नाही. कुणी ठरलेल्या चढ्या भावाने परत विकत घेण्याची हमी देऊन पिल्लं विकायला आला, तर तो भाव आज कुठल्या बाजारात, कुठलं गिऱ्हाईक देतंय हे त्याला विचारा, आणि त्या गिऱ्हाइकाला जाऊन भेटा. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे उघडकीला आलेल्या कडकनाथ घोटाळ्यात अडकलेल्यांना अशीच हमी मिळाली होती. आधी बाजारात शंभर अंडी, दहा पक्षी स्वतः विकून बघा. पैसे हातात आले की मग शेडचं माप घ्यायला गवंडी बोलवा.